भांडुपच्या गाळ्यात गाडीला फुटलेले हात

काम आलं तेव्हा पाऊस लागून दोन आठवडे झाले होते. भांडुप पश्चिमेला आमचा गाळा आहे. वडिलांच्या काळात तिथे ग्रील आणि शटरं बनायची. मी डिप्लोमा करून आलो, तेव्हापासून गाड्यांची कामं जास्त येतात: रुग्णवाहिकेतल्या स्ट्रेचरचे रूळ, टेम्पोवरच्या शिड्या, प्रयोगशाळेसाठी इंजिनांचे स्टँड. चाचणीसाठी गाड्या तयार करणाऱ्या एका कंपनीच्या इंजिनिअरने फोन केला आणि विचारलं, "आउटरिगर करून द्याल का? पुढे एक, मागे एक." मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर भाऊंना सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हणजे होडीला असते तशी उलांडी? आमच्याकडे होडीच्या बाजूला लाकडाचा ओंडका बांधतात, कलंडू नये म्हणून."

तेच. भाऊ मूळचे रत्नागिरीकडचे. माझगावच्या गोदीत त्यांनी बावीस वर्षं वेल्डिंग केलं आणि निवृत्तीनंतर आमच्या गाळ्यात येऊ लागले. आर्गन वेल्डिंग मी त्यांच्याकडूनच शिकलो.

गाडी होती मध्यम आकाराची एसयूव्ही आणि चाचणी होती ईएससीची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोलची. चालकाने अचानक स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी भलतीकडेच वळायला किंवा घसरायला लागली, की ही यंत्रणा एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक लावून तिला सरळ करते. १९९७ साली स्वीडनमध्ये एका मासिकाने घेतलेल्या चाचणीत मर्सिडीजची नवी छोटी ए-क्लास उलटली. समोर अचानक मूस, म्हणजे तिकडचं मोठं हरीण, आलं तर गाडी कशी वागेल, हे पाहायची ती चाचणी होती. त्यानंतर ही यंत्रणा छोट्या गाड्यांतही येऊ लागली. आपल्याकडे तिचं मानक एआयएस-१३३. १ ऑक्टोबर २०२३ पासून गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी भारत एनकॅप ही पद्धत लागू झाली, तिच्यातही तीन किंवा जास्त तारे हवे असतील तर गाडीत ईएससी असावीच लागते.

चाचणीत गाडी ताशी ८० किलोमीटरवर नेतात आणि चालकाऐवजी एक यंत्र स्टिअरिंग फिरवतं. आधी एका बाजूला, मग झटक्यात उलट बाजूला, तिथे अर्धा सेकंद रोखून पुन्हा मध्यावर. प्रत्येक फेरीला स्टिअरिंगचा कोन वाढवत नेतात. उंच गाडी अशा वेळी उलटू शकते, आणि आत माणूस बसलेला असतो. म्हणून गाडीच्या पुढे-मागे आडवे दांडे लावतात, दोन्ही बाजूंना बाहेर आलेले, टोकाला जमिनीपासून थोडा वर नायलॉनचा ठोकळा. गाडी कलली तर तो ठोकळा रस्त्याला टेकतो आणि गाडी तिथेच अडते.

ऐकायला सोपं आहे. मलाही पहिल्या दिवशी सोपंच वाटलं होतं. जाड पाइप घ्यायचा, घट्ट बसवायचा, झालं. मग इंजिनिअरने अट सांगितली. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस १२६ या नियमात आउटरिगरचे वजनाप्रमाणे वर्ग पाडले आहेत. टाकी भरून आणि ७३ किलोचा चालक धरून ही गाडी १६१३ किलो भरत होती, म्हणजे १५८८ ते २७२२ किलोच्या मधल्या वर्गात. त्या वर्गात आउटरिगर जास्तीत जास्त ३२ किलोचा, आणि त्याचं रोल इनर्शिया, म्हणजे गाडी कलताना त्याच्या वजनामुळे होणारा विरोध, जास्तीत जास्त ३५.९ किलोग्रॅम-मीटर वर्ग. कारण उघड आहे. टोकाला जड वजन असलेला लांब दांडा गाडीला बांधला, तर गाडी कलण्याची पद्धतच बदलते. मग चाचणी त्या गाडीची राहत नाही, आमच्या दांड्याची होते. दांड्याने माणसाचा जीव वाचवायचा, पण मोजमापात मात्र कुठे दिसायचं नाही. या एका वाक्यापायी पुढचे सहा आठवडे गेले.

दांडा ३.२ मीटरचा ठरला. गाडीची रुंदी १.८ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला ७० सेंटिमीटर बाहेर. लोखंड वजनात बसणार नव्हतं, म्हणून अ‍ॅल्युमिनियम ६०८२, टी६ टेंपर, १०० बाय १०० मिलिमीटरची चौकोनी नळी, ५ मिलिमीटर जाडीची. मुंबईच्या कुंभारवाड्यात धातूच्या दुकानांतून फिरलो. एका दुकानदाराने नळी दाखवली, भाव बरा होता, टीसीही होता. टीसी म्हणजे मालासोबत येणारं चाचणीचं प्रमाणपत्र. त्यावरचा हीट नंबर, म्हणजे धातूच्या घाण्याचा क्रमांक, नळीवर कुठेच छापलेला नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, "घासला गेला असेल." आम्ही फूटभर तुकडा विकत घेऊन प्रयोगशाळेत दिला. माल ६०६३ निघाला, खिडक्यांच्या सेक्शनसाठी वापरतात तो, बराच मऊ. मी भांडायला गेलो नाही. दुसरीकडून दीडपट भावाने घेतलं आणि त्याचाही तुकडा तपासून घेतला. या कामात कागदावर विश्वास ठेवून चालणार नव्हतं.

पहिला दांडा आम्ही दहा दिवसांत केला आणि मी खूश होतो. वजन ३१.४ किलो. ३२ च्या आत. इंजिनिअर आला, त्याने वजनकाट्याकडे पाहिलंही नाही, वही काढून हिशोब मांडला. नळी स्वतः साडेसोळा किलोची, तिचं इनर्शिया १४ च्या आसपास. पण टोकाच्या ब्रॅकेटा मी १० मिलिमीटरच्या लोखंडी पट्टीतून केल्या होत्या, ठोकळ्यासकट एकेक ६ किलोची, आणि त्या मध्यापासून १.५५ मीटरवर. इनर्शियात अंतराचा वर्ग येतो. दोन टोकांचेच जवळजवळ २९ झाले. एकूण ४३. वजनात पास, इनर्शियात सपशेल नापास.

"एक किलो मधे ठेवला तर काही बिघडत नाही, टोकाला ठेवला तर भारी पडतो," तो म्हणाला. मी मान हलवली, पण मनातून खट्टू झालो होतो. त्या लोखंडी ब्रॅकेटा मी स्वतः कापून, कोपरे गोल करून, घासून चकचकीत केल्या होत्या.

मग टोकं पुन्हा. ८ मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, जिथे ताण येत नाही तिथे गोल भोकं, लोखंड फक्त बोल्टात. ठोकळाही अर्ध्या उंचीचा, चार बोल्ट काढले की निघणारा, कारण घासला की बदलावा लागणार. एकेक टोक ४ किलोवर आलं. दांडा २७.४ किलो, इनर्शिया ३४ च्या आत.

आता जोडकाम. अ‍ॅल्युमिनियमचं वेल्डिंग ज्यांनी केलं नाही त्यांना सांगतो, हा धातू लोखंडासारखा वागत नाही. तो लाल होऊन इशारा देत नाही. ६६० अंशांना वितळतो, पण त्याच्या अंगावर ऑक्साइडचा जो पातळ पापुद्रा असतो, तो २००० अंशांच्या वर वितळतो. म्हणजे आतला धातू पाणी झाला तरी वरची कातडी तशीच असते. ती वेल्डिंगच्या आधी स्टेनलेसच्या ब्रशने घासून काढायची, आणि तो ब्रश दुसऱ्या कशालाही लावायचा नाही. भाऊंनी आमच्या ब्रशच्या मुठीला निळी पट्टी गुंडाळली होती. गाळ्यातल्या पोराने एकदा त्याने लोखंड घासलं, तर त्यांनी तो ब्रश सरळ कचऱ्यात टाकला.

त्याहून मोठी अडचण होती टी६ची. उष्णतेची प्रक्रिया करून आणलेली ही ताकद वेल्डिंगच्या उष्णतेने जाते. जोडाच्या दोन्ही बाजूंना इंचभर भागात ती जवळजवळ निम्मी होते. आमचा हिशोब असा होता: टोकाला एक टनाचा भार आला, तर गाडीला जिथे दांडा बांधला आहे तिथे १४० मेगापास्कल ताण येतो. मूळ नळी २५० पर्यंत सहज घेते. वेल्ड केलेली नळी त्याच ठिकाणी १२५ वरच हात टेकते. म्हणून ठरवलं की त्या भागात वेल्डिंगचा एक ठिपकाही नको. नळीला वरून-खालून सॅडल, म्हणजे दोन अर्धे साचे, बोल्टने आवळायचे. वेल्डिंग फक्त टोकांना, जिथे नळीवर वाकवणारा जोर नसल्यात जमा असतो. भाऊंना हे पटायला वेळ लागला. "माझा जोड नळीच्या आधी तुटलेला कधी पाहिलास का?" असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "भाऊ, जोड नाही तुटणार. जोडाच्या शेजारची नळी तुटेल." ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "हां. गोदीत पण ते शेजारूनच तडकायचं."

आणि मग पाऊस. जुलैत एलबीएस मार्गावर पाणी भरलं होतं, गाळ्यात ओल होती, भिंतींना घाम सुटला होता. आमचे नमुन्याचे जोड वरून सुंदर दिसायचे, आणि करवतीने कापून पाहिले की आत टाचणीच्या टोकाएवढी भोकं. पिनहोल. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम ओलाव्यातला हायड्रोजन पिऊन घेतं आणि थिजताना तो बाहेर पडू न शकल्याने बुडबुडे आत अडकतात. उन्हाळ्यात याच मशिनवर, याच हाताने केलेले जोड स्वच्छ यायचे.

चार दिवस आम्ही दुसरं काही केलं नाही. भाऊंनी जुन्या लाकडी कपाटात साठ वॉटचा बल्ब लावला आणि फिलरचे, म्हणजे जोडात वितळवून भरायचे, रॉड त्यात ठेवले, कोकणात पावसाळ्यात पापड ठेवतात तसे. आर्गनची रबरी नळी बदलली, आणि जोडायला घेण्याआधी थोडा वेळ नुसता गॅस सोडून ठेवू लागलो. काम करण्याआधी तुकडा गॅसच्या ज्योतीने हाताला चटका बसेल इतपत गरम करायचा, मग अ‍ॅसिटोन, मग ब्रश, आणि ब्रश मारल्यावर लगेच जोडायला घ्यायचं. मधे चहा नाही. ताडपत्रीचा आडोसा केला, पंखा बंद. दरदरून घाम यायचा, म्हणून मनगटाला कापड बांधायचं, थेंब जोडावर पडू नये म्हणून. चौथ्या दिवशी सहा नमुने कापले आणि सहाही भरीव निघाले. भाऊंनी एक तुकडा खिशात टाकला. घरी दाखवायला नेला असणार.

अंतिम जोड भाऊंनी केले, एक सोडून. शेवटच्या दिवशी त्यांचा डोळा दुखत होता, संध्याकाळ झाली होती, आणि दुसऱ्या दिवशी गाडी येणार होती. मागच्या दांड्याच्या डाव्या टोकाचा जोड मी केला. भाऊ बाजूला बसून सांगत होते, "शेवटाला घाई नको. खड्डा भरून सोड." जोड संपवताना करंट हळूहळू उतरवत शेवटच्या थेंबात रॉड भरायचा असतो. एकदम सोडलं तर तिथे खड्डा पडतो आणि अ‍ॅल्युमिनियम थिजताना आकसतं, तेव्हा तो खड्डा ताऱ्यासारखा चिरतो.

गाडीवर बसवण्याआधी भाराची चाचणी केली. जमिनीत पुरलेल्या जुन्या प्रेसच्या पायाला दांडा बांधला, टोकाखाली हायड्रॉलिक जॅक आणि भार मोजणारा लोडसेल, वर अंतर मोजणारा डायल गेज. एक टनाला टोक १४ मिलिमीटर उचललं गेलं. दहा मिनिटं तसंच धरलं. जॅक सोडला आणि काटा परत शून्यावर आला. पाचही वेळा आला. हे झाल्याशिवाय मी तो दांडा कुणाच्या जिवावर लावला नसता.

गाडी रात्री अकराला फ्लॅटबेडवरून आली, कारण दिवसा आमच्या गल्लीत तो ट्रक शिरत नाही. एसयूव्ही असली तरी तिला वेगळी चासी नव्हती, कारसारखी एकसंध बॉडी. शिवाय बॉडीत एकही नवं भोक पाडायचं नाही ही कंपनीची अट. म्हणून बंपरच्या आतली लोखंडी तुळई काढली आणि तिच्याच बोल्टांच्या जागा वापरल्या. त्या जागा धक्का सोसण्यासाठीच बनवलेल्या असतात. आधी पुठ्ठ्याचा फर्मा, मग पत्र्याचा, मग खरी प्लेट. मागच्या बाजूला सायलेन्सर आड येत होता, तिथे प्लेटला तीनदा आकार द्यावा लागला. गाडीवर वेल्डिंग अजिबात केलं नाही. बॅटरी सुटी केली तरी इतक्या कंट्रोलरांच्या गाडीवर मी आर्क पेटवणार नाही, आणि ज्या यंत्रणेची चाचणी आहे तीच बिघडवून कसं चालेल? सगळे बोल्ट टॉर्क रेंचने आवळले आणि प्रत्येकावर पिवळ्या रंगाची रेघ ओढली, सैल झाला तर रेघ तुटलेली दिसावी म्हणून.

आठ दिवसांनी मी गाडीसोबत पीथमपूरला गेलो, ठोकळे बदलायला कुणीतरी हवं होतं म्हणून. कसारा घाट, नाशिक, धुळे करत इंदूरजवळ नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्राला. एवढं मोकळं डांबर मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. भांडुपच्या माणसाला तिथे उभं राहिलं की पाय कुठे ठेवावा कळत नाही.

आधी गाडीचं पूर्ण वजन जुळवलं: चालक, उपकरणं आणि वाळूच्या पिशव्या मिळून आत १६८ किलो. मग ताशी ८० ने जात स्टिअरिंग अगदी सावकाश फिरवत नेलं आणि बाजूचा जोर ०.३ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.३ पट, होतो तो कोन शोधला. पुढच्या सगळ्या फेऱ्या त्या कोनाच्या पटीत: दीडपट, दुप्पट, अडीचपट, असं वर. स्टिअरिंग मध्यावर आल्यावर एका सेकंदाने गाडीच्या गिरकीचा वेग सर्वोच्च वेगाच्या ३५ टक्क्यांच्या आत यावा लागतो आणि पावणेदोन सेकंदाने २० टक्क्यांच्या आत. शिवाय सुरुवातीपासून १.०७ सेकंदात गाडी बाजूला किमान १.८३ मीटर सरकलेली असावी, नाहीतर यंत्रणा नुसती गाडी अडवते, समोरचा अडथळा चुकवू देत नाही असं होईल. ईएससी चालू असताना सगळ्या फेऱ्या झाल्या. मी प्रत्येक फेरीनंतर चारही ठोकळे पाहत होतो. स्वच्छ. डांबराचा कणही नाही.

दुपारनंतर कंपनीला स्वतःच्या माहितीसाठी ईएससी बंद करून काही फेऱ्या हव्या होत्या. चौथ्या फेरीला गाडी दुसऱ्या वळणावर कलली, आतल्या बाजूचं मागचं चाक उचललं गेलं, मग पुढचं, आणि खर्रर्र असा लांब आवाज आला. मी दोनशे मीटर दूर होतो. माझे हात थंड पडले. गाडी ठोकळ्यावर रेलून काही क्षण तशीच सरकली आणि धप्पकन चार चाकांवर परत आली. चालक उतरला, हेल्मेट काढलं, पाणी मागितलं आणि मला म्हणाला, "दादा, तुमचा हात टेकला बरं का." डाव्या बाजूचे दोन्ही ठोकळे तिरपे घासले गेले होते, मागचा जास्त. पिवळ्या रेघा सगळ्या जागेवर होत्या. त्या दिवशीच्या पुढच्या फेऱ्या इंजिनिअरने थांबवल्या, त्याला हवं ते मिळालं होतं.

रात्री जेवताना सगळे आनंदात होते. मीही होतो. पण तो आवाज डोक्यातून जात नव्हता.

भांडुपला परत आल्यावर दांडे सोडवले आणि चारही टोकांना डाय पेनेट्रंट मारलं. लाल द्रव जोडावर फवारायचा, दहा मिनिटं मुरू द्यायचा, पुसून काढायचा आणि पांढरी पावडर फवारायची. चीर असेल तर आत मुरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. तीन टोकं पांढरीच राहिली. मागच्या दांड्याच्या डाव्या टोकाला, जोड संपतो तिथे, हळूहळू एक लाल रेघ उमटली. नखाएवढी, तिला दोन बारीक फाटे. माझा जोड. खड्डा भरून सोडला नव्हता, आणि भाराच्या चाचणीत एक टन घेतला म्हणून मी जोडांना डाय मारलंच नव्हतं.

भाऊ शेजारीच उभे होते. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं, काही बोलले नाहीत. मी तिथूनच इंजिनिअरला फोन लावला आणि काय दिसलं ते सांगितलं, कुणी केलं तेही. तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंत. पुढची गाडी वीस तारखेला आहे." मागच्या दांड्याची दोन्ही टोकं कापून टाकली. कपाटातला बल्ब लावला, नव्या पट्ट्या कापायला घेतल्या, आणि भाऊंनी स्टूल ओढून माझ्या उजव्या हाताला ठेवलं.

"आता तूच कर," ते म्हणाले. "दोन्ही."